तार अडली कुठे?

बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारींच्या ब्रिजला, म्हणजे घोडीला, एक वाकडी दांडी लावलेली असते. ती दाबली की ब्रिज पुढे कलतो, सहाही तारा एकदम सैल पडतात आणि सूर घरंगळत खाली जातो. दांडी सोडली की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला ओढून जागेवर आणतात आणि सूर परत वर येतो. वर येतो खरा, पण जिथून निघाला तिथेच पोचेल याचा भरवसा नाही. तीन तारा बरोबर, दोन किंचित हललेल्या, एक भलतीच. त्यावर पुढचा कॉर्ड वाजवला की सगळी मैफल बेसूर.

या एवढ्याशा बेइमानीचा छडा लागायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. शोध घेणारे काही साधे गडी नव्हते. कोणी मोटारसायकलवाला, कोणी रेडिओ दुरुस्त करणारा, कोणी मंचावरचा अवलिया. पण प्रत्येकाने चोर दांडीच्या आसपासच शोधला, कारण हात तिथे होता, हालचाल तिथे होती, आवाजही तिथूनच येत होता.

पहिला मान क्लेटन ऊर्फ ‘डॉक’ कॉफमन या अमेरिकन माणसाचा. तारा हलवून सुराला कंप देणाऱ्या यंत्रणेच्या पेटंटसाठी त्याने 1929 साली अर्ज केला आणि 1932 च्या जानेवारीत पेटंट हातात पडलं. हे यंत्र मर्ल ट्रॅव्हिस या नामांकित गिटारवादकाच्या गिब्सन गिटारवर होतं आणि त्याने ट्रॅव्हिसला जेरीस आणलं होतं. दांडी हलवली की गिटार स्वरातून जायची. ट्रॅव्हिसने ते पॉल बिग्सबीपुढे ठेवलं. बिग्सबी मोटारसायकलींच्या शर्यतीत मुरलेला, हातात कसब असलेला कारागीर. त्याने आधी दुरुस्ती करून पाहिली आणि शेवटी स्वतःचीच यंत्रणा घडवली: एक आडवा दांडा, त्याला गुंडाळलेल्या तारा आणि दांडीखाली एक आखूड, जाड स्प्रिंग. हलक्या कंपासाठी ती झकास होती आणि आजही विकली जाते. पण सूर खोल बुडवायचा म्हटलं की तिचा जीव तेवढाच.

मग आला लिओ फेंडर. स्वतः गिटार वाजवता न येणारा हा माणूस रेडिओ दुरुस्तीतून गिटारच्या धंद्यात आलेला. आपल्या नव्या गिटारसाठी त्याने आधी रुळांवर सरकणारा ब्रिज करून पाहिला. त्याचा आवाज पत्र्यासारखा निघाला, म्हणून तयार झालेला आराखडा त्याने सरळ बाजूला टाकला. 1954 साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली ती वेगळ्याच रचनेसह. त्यात तारा अडकवायची जागा आणि ब्रिज हे दोन्ही एकाच तुकड्यात होते. तो तुकडा पुढच्या कडेच्या सहा स्क्रूंवर झुलायचा. त्याच्या पोटाशी पोलादी ठोकळा आणि ठोकळ्यामागे पाचपर्यंत स्प्रिंगा. एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची. बारीक तारांचा संच चढवला तरी ही ओढ 38 किलोच्या घरात जाते. तराजू असा समतोल बसला की दांडी सोडल्यावर ब्रिज बरोबर मूळ जागी येतो. 10 एप्रिल 1956 रोजी लिओला पेटंट मिळालं. कागदावर प्रश्न सुटला होता.

तो पुन्हा उघडा पाडला जिमी हेंड्रिक्सने. लिओच्या डोळ्यांपुढे होता सुरांवरचा हलका तरंग. हेंड्रिक्सने मात्र तीच दांडी तारा लोंबेपर्यंत खाली नेली. 18 ऑगस्ट 1969 च्या सोमवारी सकाळी, वुडस्टॉकच्या मैदानात, पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं तेव्हा त्या दांडीतून बॉम्ब पडत होते आणि विमानं कोसळत होती. त्याची किंमतही तो तिथल्या तिथे मोजत होता. गाण्यांच्या मधल्या वेळात त्याचा हात सारखा खुंट्यांवर. पुढच्या वर्षी, 18 सप्टेंबरला हेंड्रिक्स गेला. त्याच्यासारखं वाजवू पाहणारी हजारो पोरं मागे राहिली, आणि त्यांच्या हातातल्या न जुळणाऱ्या गिटारी.

ब्रिज तर मूळ जागी परत येत होता. मग सूर का येत नव्हता?

या प्रश्नाचं उत्तर कसं सापडतं हे पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही. आमच्या छावणीत ते टेबलावर मांडून दाखवता येतं. खाम नदीवरचा लोखंडी पूल ओलांडला की छत्रपती संभाजीनगरचा हा भाग सुरू होतो: लष्कराच्या हद्दीच्या पांढऱ्या खुणा, जुनी चर्चं, होली क्रॉस शाळा, गुरुवारचा बाजार. नाताळ जवळ आला की इथल्या घरांतून संध्याकाळी गिटारी ऐकू येतात आणि त्यातल्या निम्म्या तरी नुसत्या ट्यून होत असतात. अशाच एका तालमीतला पोरगा आपली गिटार घेऊन पेटी आणि तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे आला होता. काकांना गिटारचं वेड नाही. तारेचं आहे.

“काका, खुंट्या बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, तारा तर कितीदा. तरी बार मारला की जी बेसूर होतीच.”

“बेसूर म्हंजे? चढती का उतरती?”

पोराला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ट्यूनर लावून पाहिलं. दांडी दाबली, सोडली. जी, म्हणजे तिसरी तार, चढली होती.

“मग खुंट्यांवर आळ कशाला घेतो? खुंटी फिरली तर तार उतरल. नवी तार लांबली तरी उतरलच. चढली म्हंजे कुणीतरी तिला पलीकडं धरून बसलंय.”

एवढ्या एका प्रश्नात निम्मे संशयित सुटले. काकांनी मग तिसऱ्या तारेची खुंटी अगदी सावकाश पिळायला सुरुवात केली. ट्यूनरवरचा काटा हलेना. खुंटी फिरते आहे आणि सूर तिथेच. अजून थोडं पिळलं, तसा मानेच्या टोकाकडून बारीक, टोकदार आवाज आला: टिंग. काटा एकदम उडी मारून पुढे. काकांनी बोट नटवर ठेवलं. गिटारची मान जिथे संपते आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं, तिथे हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते. तिच्या सहा खाचांतून सहा तारा जातात. ही पट्टी कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती काही करताना दिसत नाही.

मग काकांनी घड्याळजीकडचं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. बारीक टोकाच्या मार्करने तिसऱ्या तारेवर, नटच्या पुढच्या कडेला लागून, एक काळा ठिपका दिला. पोराला म्हणाले, “दाब.” तार लोंबली. “सोड.” तार ताणली गेली. भिंगातून पाहिलं तर ठिपका पूर्वी होता तिथे नव्हता. त्याची एक कड खाचेत शिरली होती. फरक फार तर एका केसाच्या जाडीचा. त्यांनी नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, तारेला अंगठ्याने जरा वर उचलून सोडलं, मग पुढच्या बाजूने तीच तार बोटाने खेचली. ठिपका खाचेतून बाहेर आला आणि ट्यूनरवरची जी पुन्हा जागेवर.

घडतं ते असं. दांडी दाबली की नटच्या अलीकडची, म्हणजे वाजणारी तार सैल पडते. पलीकडचा, खुंटीकडचा तुकडा अजून ताठ असतो, म्हणून तो खाचेतून थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. दांडी सोडल्यावर अलीकडची तार ताणली जाते आणि आपली तार परत मागते. खाच गुळगुळीत असेल तर ती मिळते. खाच अरुंद असेल, तिच्या बुडाशी करवतीचे ओरखडे असतील, तर घर्षण थोडी तार पलीकडेच रोखून धरतं. वाजणाऱ्या बाजूला तार कमी पडली, ताण वाढला, सूर चढला. बोटाने तार वर ढकलून सूर खेचताना हेच उलट्या दिशेने होतं. तेव्हा जास्तीची तार अलीकडे येऊन अडकते आणि सूर उतरतो. दोन विरुद्ध तक्रारी, गुन्हेगार एकच.

एका केसाएवढ्या तारेने इतकं बिघडतं, हे पटायला जड जातं. पण हिशोब करून बघा. स्ट्रॅटोकास्टरच्या वाजणाऱ्या तारेची लांबी 648 मिलिमीटर असते. सगळ्यात बारीक पहिली तार 329.63 हर्ट्झला आणायची तर पोलाद मूळ लांबीच्या सुमारे 0.7 टक्के ताणावं लागतं. 196 हर्ट्झची तिसरी तार फक्त 0.25 टक्के ताणलेली असते. आता प्रत्येकीची 0.1 मिलिमीटर तार नटपलीकडे अडकली असं धरा. अर्ध्या सुराचे 100 सेंट मानले, तर पहिली तार साधारण 19 सेंट चढते, दुसरी 33 आणि तिसरी 50 च्या वर. सरावलेला कान पाच-सहा सेंटची चूक पकडतो. मुळात जी कमी ताणलेली, तिच्यात तेवढ्याच चोरीचा वाटा मोठा. जगभरचे गिटारवाले तिसऱ्या तारेच्या नावाने बोटं मोडतात ते उगाच नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या गिटारीत तर हीच तार नटपाशी तिरकी वळते, म्हणजे खाचेच्या भिंतीवरही घासते.

दोष कुठे आहे ते कळलं की वाटा दोनच उरतात. एकतर तारेला नटमधून इतकं मोकळं सरकू द्यायचं की ती पूर्ण परत येईल. नाहीतर मुळीच सरकू द्यायचं नाही. घोळ होतो तो अर्धवट सरकण्यात.

मोकळेपणाची वाट जुनी आहे. मिरजेच्या सतारमेकरांना, किंवा रोज सतार घेऊन बसणाऱ्या कोणालाही, ती नवी वाटणार नाही. सतारीवर मींड काढताना तार आडवी खेचून पाच-सहा अर्धस्वर वर नेतात आणि सोडल्यावर ती मूळ सुरावर यावीच लागते. तार जिथे जिथे टेकते तिथली सफाई हा तिथे रोजचा विषय. गिटारमध्ये या वाटेचा सर्वात गाजलेला वाटसरू एडी व्हॅन हेलन. 1978 च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर दांडीने सूर पाताळात जातात आणि अचूक परत येतात. ऐकणाऱ्यांना वाटलं, याच्याकडे काहीतरी गुप्त यंत्र आहे. होती ती साधीच फेंडर पद्धतीची यंत्रणा. त्याने पितळी नटच्या खाचा रुंद केल्या, त्यात तेल सोडलं आणि तारा नटपासून खुंटीपर्यंत शक्य तितक्या सरळ जातील असं पाहिलं. घर्षण जिथे जिथे होतं तिथून ते हुसकून लावलं, एवढंच.

दुसरी वाट धरली फ्लॉइड रोजने. 1976-77 चा सुमार. हाही रॉक बँडमध्ये वाजवायचा, हेंड्रिक्स आणि डीप पर्पल ऐकून दांडीच्या नादी लागलेला, आणि नेहमीच्या सगळ्या युक्त्या करून थकलेला. त्याच्याकडे आधीच्या लोकांकडे नसलेली एक गोष्ट होती. तो दागिने घडवायचा. मोटारसायकलच्या कारागिराला स्प्रिंग दिसते, रेडिओवाल्याला समतोल दिसतो. केसाच्या जाडीचा दोष हे मात्र सोनाराच्या हातातलं माप. त्याने दागिन्यांच्याच हत्यारांनी पितळेचा एक नट घडवला. त्यावर यू आकाराच्या तीन पकडी होत्या, एकेका पकडीत दोन तारा. तारा ट्यून करायच्या, पकडी आवळायच्या, आणि नटपलीकडचं जग तारेपुरतं संपलं.

या एका घावाने किती संशयित गेले पाहा. खुंटीवरचे वेढे सैल होऊन पुन्हा आवळणं, बारीक तारांना डोक्यावर दाबून धरणाऱ्या छोट्या आकड्याचं घासणं, नटची खाच. तार आता पकडीपाशीच सुरू होत होती, तेव्हा त्यामागे काय होतं याने काहीच बिघडत नव्हतं. पितळ मऊ पडलं आणि बारीक तारांनी ते लवकर झिजवलं, म्हणून रोज कठीण पोलादाकडे वळला. मग त्याने दुसरं टोकही बंद केलं. तारेच्या शेपटीला कारखान्यातून गोळी येते. ती कापून टाकायची आणि नुसती तार ब्रिजवरच्या पकडीत आवळायची. ब्रिज झुलायचा तो सहा स्क्रूंऐवजी दोन खांबांवर, सुरीसारख्या धारदार कडेने, म्हणजे तिथेही घासायला जागा कमी. 23 ऑक्टोबर 1979 रोजी त्याला पेटंट मिळालं. हाताने घडवलेले सुरुवातीचे नग एडी व्हॅन हेलन, नील शॉन, ब्रॅड गिलिस, स्टीव्ह व्हाय यांच्यासारख्यांकडे गेले. 1980 च्या दशकात क्रेमर कंपनीच्या गिटारींवरून ही यंत्रणा दुकानादुकानांत पोचली. तारा लोंबेपर्यंत दांडी दाबा, हिसडे द्या, वर ओढा. सोडली की सूर जागेवर.

पण तार कोंडली की नवं संकट उभं राहतं. नटपाशी आवळलेल्या तारेला खुंटी काहीच करू शकत नाही, आणि पोलाद ऊन-थंडीने लांबत-आखडत राहणारच. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. संध्याकाळच्या कार्यक्रमात मंचावरच्या दिव्यांखाली तार नुसती पाच अंशांनी तापली, तरी हिशोबाने तिसरी तार 20 सेंट उतरायला हवी. मग भर कार्यक्रमात ॲलन की काढायची, पकडी सोडायच्या, ट्यून करायचं, पुन्हा आवळायच्या. आणि आवळताना सूर परत किंचित हलणार. सुरुवातीच्या रोज यंत्रणेत हा जाच होता.

त्यावरचा तोडगा पाहिला की तंबोरा लावणारा माणूस गालातल्या गालात हसेल. तंबोऱ्याची खुंटी हे ढोबळ काम. शेवटचा बारकावा साधतो तो घोडीखालच्या तारेत ओवलेला मणी. तो जरासा खाली सरकवला की ताण नखभर वाढतो आणि षड्ज जुळतो. खुंटीला हातही लावावा लागत नाही. फ्लॉइड रोजच्या ब्रिजवर पुढे असेच सहा छोटे स्क्रू आले, प्रत्येक तारेला एक. उजव्या हाताच्या बोटांनी, वाजवता वाजवता फिरवता येणारे. ढोबळ सूर खुंटीवर, मग कुलूप, मग बारकावा ब्रिजपाशी. व्हायोलिनच्या शेपटीवरही असे स्क्रू असतात. तार एका टोकाला पक्की केली की बारीक जुळवणी दुसऱ्या टोकाला जाते. या वाद्यांनी ते एकमेकांना न विचारता ठरवलेलं आहे.

कुलपाचा हा बंदोबस्त फुकट मिळत नाही. एक तार तुटली की तराजू कलंडतो, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढून बसतात. म्हणजे गाणं तिथेच थांबलं. तार बदलायला पक्कड आणि ॲलन की हव्यात. साध्या गिटारवर ही यंत्रणा बसवायची तर लाकूड कोरावं लागतं. म्हणून मोकळेपणाची वाटही बंद पडली नाही. जेफ बेकसारख्या दांडीच्या उस्तादानेही ती धरली. त्याच्या स्ट्रॅटोकास्टरवर तार बारीक रुळांवरून सरकेल असा नट होता.

छावणीतल्या त्या पोराच्या खिशाला कोणती वाट परवडणार हे उघड होतं. काकांनी तार सैल करून बाजूला घेतली. बारीक पॉलिश पेपरची घडी तिसऱ्या खाचेतून हलक्या हाताने फिरवली. खोल न करता, फक्त भिंती गुळगुळीत होईपर्यंत. मग शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासलं. पेन्सिलीतलं ग्राफाइट कोरडं वंगण आहे, तेलासारखी धूळ धरत नाही. तार चढवली, ट्यून केली, दांडी दाबून सोडली. काटा मध्यावर आला. “आता बाकीच्या पाच तू कर,” म्हणाले, आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

अशीच गिटार घेऊन कोणी तुमच्याकडे आलं, तर सुटे भाग विकत घेण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. एकच तार बिघडते की सगळ्या? सगळ्या एकाच दिशेने हलत असतील तर ब्रिज नीट परत येत नाही. झुलण्याची कड आणि स्प्रिंगा पाहा. एकच असेल, तर ती चढते की उतरते? दांडी दाबून चढत असेल, बोटाने खेचून उतरत असेल, तर नटची खाच. नुसतीच उतरत जात असेल, तर नवी तार पुरेशी ताणलेली नाही किंवा खुंटीवर वेढे सैल आहेत. या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही आणि बहुतेक वेळा पेन्सिलीपुढे जावं लागत नाही.